श्रेयांकांची चौकट आली. सल्ला देणारा माणूस कोठे आहे?

करामा, दुबई : बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि पुढचे सहा-सात आठवडे करामातील अनेक मराठी घरांत एकच विषय चघळला जातो. मुलाला कोठे घालायचे? पूर्वी या प्रश्नाला फारसे फाटे नव्हते. आज ते पुष्कळ आहेत. बिट्स पिलानी आणि मणिपाल या संस्था २००० सालापासून दुबईत आहेत. आयआयटी दिल्लीने २०२४ मध्ये अबुधाबीत बी.टेक.चे वर्ग सुरू केले. त्याच वर्षी पुण्याच्या सिम्बायोसिसनेही दुबईत आपले संकुल उघडले. तरीही शुल्काचे गणित, आजी-आजोबांचे घर, मामा किंवा आत्याचा आधार आणि मूल चार वर्षे तरी मराठी मुलखात राहील ही सुप्त इच्छा, यांमुळे आपल्यापैकी अनेक जण मुलांना पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतच पाठवतात. चर्चा होते ती महाविद्यालयाच्या नावाची, गुणांच्या यादीची, वसतिगृहाची आणि मेसच्या जेवणाची. प्रवेश झाल्यानंतर कोणता विषय मुख्य ठेवायचा, त्याच्या जोडीला कोणता घ्यायचा, तीन वर्षांनी थांबायचे की चौथे वर्ष करायचे, हे त्या मुलाला तेथे कोण सांगणार, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

आपल्या पिढीला तो विचारण्याची गरज भासली नाही, याचे कारण उघड आहे. आपल्या वेळी निवडायला फारसे काही नव्हतेच. पुण्यात कला शाखेत शिकलेल्यांना ‘स्पेशल कोणता?’ हा प्रश्न आठवत असेल. विज्ञानाकडे पहिल्या वर्षी चार विषय, मग एकेक गळत जाऊन शेवटी एक. वाणिज्य शाखेत तर जवळजवळ सारी वाट आखूनच दिलेली असे. चुकायला जागा दोनच होत्या, शाखा निवडताना आणि स्पेशल निवडताना. उरलेले काम परीक्षेचे, आणि परीक्षेत अडखळलात तर एटीकेटीचे. नियम इतके थोडे होते की ते वरच्या वर्गातील कोणीही कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता सांगू शकत असे, आणि ते सांगणे बहुधा बरोबरही निघे.

ही व्यवस्था आता राहिलेली नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. जुलै २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम काढले आणि डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाची नवी श्रेयांक-चौकट जाहीर केली. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या शासननिर्णयाने ती राज्यासाठी बेतून घेतली. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. या चौकटीत विद्यार्थी वर्षाला साधारण ४० ते ४४ श्रेयांक मिळवतो. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी घेऊन तो बाहेर पडू शकतो. मधेच बाहेर पडलेला विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो आणि एकंदर सात वर्षांत शिक्षण पुरे करू शकतो.

श्रेयांकांच्या पोटात शिरले की खरी गुंतागुंत सुरू होते. निम्मे श्रेयांक मुख्य विषयाचे, म्हणजे मेजरचे. त्याच्या जोडीला दुय्यम विषय, म्हणजे मायनर. तो त्याच शाखेतील चालतो किंवा दुसऱ्या शाखेतीलही चालतो. त्याशिवाय ओपन इलेक्टिव्ह, आणि ते आपल्या शाखेबाहेरचेच घ्यावे लागते. मग व्यावसायिक कौशल्याचे पेपर, क्षमतावृद्धीचे पेपर, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, सहशालेय उपक्रम, इंटर्नशिप, क्षेत्रप्रकल्प, समाजसंपर्क. प्रत्येकाला इंग्रजी आद्याक्षरांचे एकेक बिरूद चिकटवलेले आहे. सतरा-अठरा वर्षांचे मूल प्रवेशाच्या दिवशी ही आद्याक्षरे प्रथमच वाचते आणि त्याच दिवशी त्यांपुढील चौकोनांत खुणा करते.

धोरणाचा हेतू वाईट आहे, असे म्हणण्याचा येथे उद्देश नाही. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलीला संगीताचा किंवा अर्थशास्त्राचा पेपर रीतसर शिकता यावा, घरच्या अडचणीने दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडावे लागलेल्या मुलाच्या हाती काहीतरी कागद असावा आणि त्याला परतीची वाट उघडी असावी, यात आक्षेप घेण्यासारखे काहीच नाही. आपल्याकडे कला, विज्ञान आणि वाणिज्य यांच्यामधील भिंती नको तितक्या उंच होत्या. पण भिंती पाडल्या की दिशा दाखवणाऱ्या पाट्यांची गरज वाढते, आणि त्या पाट्या उभारण्याचे काम कोणाचे हे शासननिर्णयातून ठामपणे ठरलेले दिसत नाही. श्रेयांक कोणत्या रकान्यात किती हवेत याचा हिशेब त्यात बारकाईने दिला आहे. तो हिशेब विद्यार्थ्याबरोबर बसून मांडणाऱ्या माणसाचे पद, त्याचे तास आणि त्याचे मानधन यांचा तितकाच बारीक हिशेब मात्र कोठे मांडलेला नाही.

याचे परिणाम किती दूरवर जातात ते दुय्यम विषयावरून पाहता येईल. मुख्य विषय गणित आणि दुय्यम विषय संख्याशास्त्र घेणारा विद्यार्थी पुढे संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाचे दार ठोठावू शकतो का? याचे उत्तर विद्यापीठागणिक, कधी विभागागणिक बदलते. वेळापत्रकात बसते म्हणून किंवा मैत्रिणीने घेतले म्हणून दुसराच विषय घेतलेल्याला ते दार बंद आहे, हे बहुधा तीन वर्षांनी कळते. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याचीही हीच गत. शाळेतील विषयशिक्षकाच्या नेमणुकीत पदवीला कोणता विषय होता हे पाहिले जाते, आणि तो मेजर होता की मायनर यावर भरतीच्या वेळी वाद होऊ शकतो. असा वाद अठराव्या वर्षी कोणाच्याही मनात येत नाही. तो मनात आणून देणारा माणूस असावा लागतो.

तीन वर्षे की चार, हा प्रश्न तर आखातातील वाचकांच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. ब्रिटनमधील विद्यापीठे तीन वर्षांच्या पदवीवर पदव्युत्तर प्रवेश देतात. अमेरिकेतील बरीच विद्यापीठे चार वर्षांची पदवी मागतात, आणि काही ठिकाणी तीन वर्षांची पदवी चालते की नाही हे संस्थेवर अवलंबून असते. भारतात चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतल्यावर एका वर्षात पदव्युत्तर पदवी मिळण्याची सोय आहे, आणि चौथ्या वर्षी ७५ टक्क्यांची किंवा तत्सम श्रेणीची अट पुरी केली तर थेट पीएच.डी.साठीही अर्ज करता येतो. संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांतच ७५ टक्के हवेत. याचा अर्थ, चौथ्या वर्षाचा निर्णय कागदावर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी घ्यायचा असला, तरी त्याची तयारी पहिल्या सत्रापासून व्हावी लागते. शिवाय प्रत्येक महाविद्यालयात प्रत्येक विषयाचे चौथे वर्ष उपलब्ध असेलच असे नाही. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३ मध्ये दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची तीन वर्षे २०२६ मध्ये पुरी होतात. संलग्न महाविद्यालयांच्या कितीतरी मोठ्या तुकडीची २०२७ मध्ये होतील. हा निर्णय यापूर्वी कोणीच घेतलेला नसल्याने कॅन्टीनमधील वरच्या वर्गाच्या दादाजवळही या वेळी अनुभवाचे बोल नाहीत.

मग आज सल्ला देते कोण? प्रवेश अर्ज ऑनलाइन असल्याने तो अनेकदा सायबर कॅफेत किंवा महा ई-सेवा केंद्रात भरला जातो, आणि कोणता पर्याय निवडला की अर्ज पुढे सरकतो हे तेथील माणसाला ठाऊक असते. करामातील वाचकांना हा माणूस परका नाही. आपल्या टायपिंग सेंटरमधील कारकून अटेस्टेशनचा कोणता कागद आधी आणि कोणता नंतर हे ज्या सहजतेने सांगतो, तीच ही सहजता. फरक असा की, येथे चुकलेला कागद फार तर दुसरी फेरी मारायला लावतो. तेथे चुकलेला चौकोन मुलाच्या सहा सत्रांवर पसरतो. दुसरा सल्लागार व्हॉट्सअ‍ॅपचा गट. तिसरा महाविद्यालयाच्या कार्यालयातील लिपिक, ज्याच्या खिडकीसमोर शंभर मुलांची रांग आहे. चौथे प्राध्यापक, आणि त्यांच्यावरच सर्वात जास्त बोट ठेवले जाते, म्हणून त्यांची बाजू नीट पाहिली पाहिजे.

आपल्या विद्यापीठांची घडणच अशी आहे की नियम जाणणारा आणि विद्यार्थी जाणणारा हे दोघे वेगवेगळ्या ठिकाणी बसतात. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले ते परीक्षा घेण्यासाठी. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे होते. पुण्याचे विद्यापीठ १९४९ मध्ये आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये उभे राहिले, तरी संलग्नतेचा सांगाडा बदलला नाही. अभ्यासक्रम अभ्यासमंडळ ठरवते, परिपत्रक विद्यापीठ काढते आणि ते परिपत्रक शेकडो महाविद्यालयांत पोहोचते. बार्शीच्या किंवा चाळीसगावच्या प्राध्यापकाला विद्यार्थिनीच्या घरची परिस्थिती ठाऊक असते, पण यंदाच्या परिपत्रकातील तिसऱ्या दुरुस्तीचा अर्थ त्याला खात्रीने सांगता येत नाही. ज्याला सांगता येतो तो अधिकारी त्या विद्यार्थिनीला कधी भेटत नाही. विद्यार्थी ठरलेल्या रुळांवरून चालत होता तोवर ही दरी खपून गेली. निवडीच्या व्यवस्थेत ती खपणार नाही.

अमेरिकेच्या इतिहासात हेच घडून गेले आहे. चार्ल्स इलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी ठरावीक अभ्यासक्रमाच्या जागी ऐच्छिक विषयांची पद्धत नेटाने रुजवली. विषय निवडण्याची मोकळीक मिळताच विद्यार्थ्यांशी बोलणारे कोणीतरी हवे, ही गरज तेथे ठळक झाली. जॉन्स हॉपकिन्ससारख्या नव्या विद्यापीठाने सुरुवातीच्या वर्षांतच प्राध्यापकांना सल्लागार नेमले. पुढे शंभर वर्षांत या कामाचा एक स्वतंत्र पेशा झाला, आणि त्या पेशातील लोकांची राष्ट्रीय संघटना १९७९ मध्ये स्थापन झाली. अमिरातीतील अमेरिकी धाटणीच्या विद्यापीठांत मुले शिकत असलेल्या पालकांना याचा परिचय असेल. सत्राची विषयनोंदणी करण्यापूर्वी सल्लागाराशी बोलणे हा तेथे कामाचा नेहमीचा भाग असतो. त्यात कोणाला अपमान वाटत नाही आणि कोणी ते उपकारही मानत नाही.

अलीकडचे उदाहरण अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचे. आपल्या बहुतेक विद्यापीठांशी ते हार्वर्डपेक्षा अधिक जुळते, कारण तेथील विद्यार्थ्यांत अल्प उत्पन्न गटातील आणि घरातून प्रथमच पदवीपर्यंत पोहोचलेल्यांचा भरणा मोठा आहे. २००३ मध्ये तेथे सहा वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडण्याचे प्रमाण ३२ टक्के होते. पुढच्या साधारण दशकभरात ते ५० टक्क्यांच्या वर गेले. या यशाची कथा सांगताना संगणकाचे नाव आधी घेतले जाते. जुन्या निकालांचा ढीग चाळून विद्यापीठाने धोक्याच्या सुमारे ८०० खुणा निश्चित केल्या. मुख्य विषयाच्या पहिल्याच पेपरात जेमतेम उत्तीर्ण होणे, नको त्या सत्रात नको तो विषय घेणे, अशा त्या खुणा. खूण दिसली की सल्लागाराकडे सूचना जाते आणि तो विद्यार्थ्याला बोलावतो. हे सारे खरे आहे. पण त्याच वेळी विद्यापीठाने ४२ नवे सल्लागार नेमले आणि एका सल्लागाराकडे सातशेच्या वर विद्यार्थी असत, ते प्रमाण सुमारे तीनशेपर्यंत खाली आणले, ही गोष्ट भारतातील परिसंवादांत मागे पडते. सूचना गेल्यावर फोन उचलणारा माणूस नसता, तर त्या ८०० खुणा संगणकातच पडून राहिल्या असत्या. सॉफ्टवेअर विकत घेणे सोपे असते, त्याचे उद्घाटनही करता येते. पदे भरण्याचे काम तितके सोपे नसते.

या यंत्राबद्दल एक सावधगिरीही हवी. अमेरिकेतील काही विद्यापीठांनी अशा अंदाज-प्रणालीत विद्यार्थ्याचा वंश हाही घटक धरल्याचे २०२१ मध्ये उघड झाले आणि त्यावर टीका झाली. आपल्याकडे त्याचे रूप कसे असेल याची कल्पना करणे अवघड नाही. गडचिरोलीहून आलेल्या, शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या, बारावीला गणितात बेताचे गुण असलेल्या मुलीला यंत्र ‘धोका’ म्हणून रंगवील आणि कोणी सद्हेतूने तिला सोपा विषय सुचवील. तो सल्ला आकडेवारीला धरून असेल आणि तरीही अन्यायाचा असेल. तिला गणितापासून दूर नेण्याऐवजी गणिताचा जादा तास मिळवून देणे हे सल्लागाराचे काम. हा फरक यंत्राला कळणार नाही, आणि घाईत असलेल्या माणसालाही तो कळेलच याची खात्री नाही.

आता आपल्या महाविद्यालयांकडे वळू. ‘आमच्याकडे मेंटॉर पद्धत आहे’ असे जवळजवळ प्रत्येक माहितीपुस्तकात लिहिलेले असते. त्यामागे एक कारण आहे. नॅकच्या मूल्यांकनात मेंटॉर आणि विद्यार्थी यांचे गुणोत्तर हा एक रीतसर निकष राहिला आहे. गुणोत्तर काढायला विद्यार्थ्यांची संख्या आणि शिक्षकांची संख्या पुरते. भेट झाली का, किती वेळ झाली, तिच्यातून काही निष्पन्न झाले का, हे गुणोत्तरातून कळत नाही. परिणामी मेंटॉरची वही हा एक स्वतंत्र साहित्यप्रकार होऊन बसण्याचा धोका असतो. भेटीची तारीख, विद्यार्थ्याची सही, आणि शेरा ‘समाधानकारक’. नॅकची समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात अशा वह्या कशा भरल्या जातात, हे महाविद्यालयात काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको.

येथे एक गल्लतही टाळली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असे सांगितले. ते अत्यावश्यकच आहे. पण समुपदेशक नेमला म्हणजे शैक्षणिक सल्ल्याचे काम झाले, असे महाविद्यालये समजू लागतील अशी भीती वाटते. मनावरचा ताण ओळखणारा माणूस श्रेयांकांचे रकाने जाणतोच असे नाही. उलट, चुकीच्या विषयात अडकून दोनदा नापास झालेला मुलगा समुपदेशकाकडे पोहोचतो, तेव्हा त्याच्या दुःखाचा निम्मा भाग विषयनिवडीच्या टेबलावरच टळला असता, असेही अनेकदा निघेल.

प्राध्यापकांच्या वेळेचा प्रश्न आकड्यांत मांडता येतो. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार पूर्णवेळ शिक्षकाचा आठवडा ४० तासांचा. त्यात सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन १६ तासांचे. उरलेल्या वेळेत तयारी, प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका, समित्या, अहवाल, निवडणुकीची कामे, आणि आता श्रेयांक पोर्टलवर भरणेही. विद्यार्थ्याशी बोलण्याचा तास या हिशेबात ठसठशीतपणे कोठेच बसत नाही. पण पूर्णवेळ शिक्षक हा तरी सुदैवी म्हणायचा. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत असंख्य वर्ग तासिका तत्त्वावरील शिक्षक सांभाळतात. त्यांना शिकवलेल्या तासिकेचे पैसे मिळतात. तास संपल्यावर दारात थांबलेल्या मुलीशी अर्धा तास बोलणे हे त्यांच्या खिशातून जाते. बरेचदा त्यांना पुढच्या महाविद्यालयातील तासिका गाठायची असते, आणि पुढच्या वर्षी ते येथे असतील की नाही हे त्यांनाही ठाऊक नसते. तीन-चार वर्षे चालणाऱ्या सल्ल्याचे नाते अशा नेमणुकीवर उभे राहू शकत नाही. नव्या धोरणाची सर्वात मोठी अडचण अभ्यासक्रमात शोधली जाते. माझ्या मते ती रिक्त पदांत आहे.

सगळी पदे भरली जाईपर्यंत काहीच करता येणार नाही, असेही नाही. सल्ल्याचा तास हा अध्यापनाचा तास धरावा, ही पहिली मागणी असायला हवी. सोळापैकी एक तास जरी असा मोजला आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाला त्याचे तासिकेइतकेच मानधन दिले, तरी कामाचे स्वरूप बदलेल, कारण मोजलेल्या तासाचा जाब विचारता येतो. खर्च होईल. पण चुकलेल्या निवडीमुळे वाया जाणारी सत्रे, पुन्हा दिलेल्या परीक्षा आणि अर्ध्यात सुटलेली शिक्षणे यांचा खर्चही कोणीतरी सोसतच असते. तो विद्यार्थ्याच्या घरी सोसला जातो, म्हणून विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, इतकेच.

वर्षभर भेटींचा घाट घालण्यापेक्षा, निर्णयाचे जे मोजके क्षण आहेत ते पकडणे शहाणपणाचे ठरेल. प्रवेशापूर्वीचा दिवस, दुय्यम विषय पक्का होण्यापूर्वीचा आठवडा आणि पाचवे सत्र. या तीन वेळी वीस मिनिटांचे बोलणे झाल्याशिवाय नोंदणी पुढे सरकू नये. सक्ती कशाला, असे विचारले जाते. सक्ती अशासाठी की, ऐच्छिक ठेवले तर ज्याला गरज कमी तोच येतो. इंग्रजी शाळेतून आलेला, घरी दोन पदवीधर असलेला विद्यार्थी प्राध्यापकांच्या खोलीत सहज शिरतो. ज्याच्या घरात कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, तो दारावरची पाटी वाचून परत फिरतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहाच्या मुळाशी हीच जाण होती. नुसती शाळा उघडून खेड्यातील मूल शिकत नाही, त्याच्यावर लक्ष ठेवणारे कोणीतरी रोज जवळ असावे लागते, हे त्यांना उमगले होते. ती परंपरा आपली स्वतःची आहे. त्यासाठी अटलांटापर्यंत जाण्याचीही गरज नाही.

विद्यापीठाच्या वाट्याचे काम आणखी सोपे आहे आणि ते न होण्याला सबब नाही. प्रत्येक मुख्य विषयासाठी एक पान, स्वच्छ मराठीत. या विषयाबरोबर कोणता दुय्यम विषय घेतला तर कोणते पदव्युत्तर वर्ग खुले राहतात, कोणते बंद होतात, चौथे वर्ष कोणकोणत्या महाविद्यालयांत आहे, मधेच बाहेर पडायचे तर कोणता जादा कौशल्य-अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. परिपत्रक बदलले की ते पान बदलावे आणि त्यावर तारीख असावी. असे पान हाती असलेला बार्शीचा प्राध्यापक खात्रीने बोलू शकेल.

आता थोडे आपल्याविषयी. परदेशातील मराठी व्यावसायिकांना माजी विद्यार्थी म्हणून ‘मेंटॉर’ होण्याची निमंत्रणे येतात आणि आपण ती आनंदाने स्वीकारतो. व्यवसाय कसा असतो, मुलाखतीत काय विचारतात, दुबईत लेखापरीक्षकाला खरोखर काय काम असते, हे आपण चांगले सांगू शकतो. विषयनिवडीबद्दल मात्र आपण जपून बोलावे. १९९८ साली बी.कॉम. झालेल्याचा सल्ला १९९८ च्या विद्यापीठाविषयी असतो. ‘पहिल्या वर्षाचे एवढे काय, शेवटच्या वर्षी जोर लावायचा’ हे वाक्य आपल्या काळात निभावून गेले. पहिल्या सत्रापासून श्रेयांक साठत जाणाऱ्या आणि सहा सत्रांच्या सरासरीवर चौथ्या वर्षाचे दार ठरवणाऱ्या व्यवस्थेत ते मुलाचे नुकसान करील.

पालक म्हणूनही एक पथ्य आहे. दूर असल्याची बोचणी आपल्याला प्राध्यापकांचा व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक मिळवायला लावते आणि मग मुलाच्या हजेरीपासून विषयापर्यंत सारे परस्पर ठरू लागते. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याच्या संमतीवाचून बहुतेक शैक्षणिक नोंदी पालकांनाही सहसा दाखवता येत नाहीत. आपल्याकडे इतके कडक पाऊल कोणी सुचवणार नाही, आणि शुल्क भरणाऱ्या बापाला खोलीबाहेर बसवणे मराठी घराला रुचणारही नाही. पण सल्लागाराशी पहिले बोलणे मुलाने एकट्याने करावे, एवढे तरी पाळता येईल. आई-वडील शेजारी बसलेले असताना कोणताही अठरा वर्षांचा मुलगा ‘मला अभियांत्रिकी नको होती’ असे म्हणत नाही.

तेव्हा येत्या जूनमध्ये पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांच्या कार्यालयांत फोन कराल, तेव्हा वसतिगृहाच्या चौकशीबरोबर चार गोष्टी विचारा. माझ्या मुलाचा सल्लागार कोण असेल, नाव सांगा. ते पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर? त्यांच्याकडे एकूण किती विद्यार्थी आहेत? त्याने निवडलेल्या विषयाचे चौथे वर्ष तुमच्याकडे आहे का, आणि नसेल तर त्याला कोठे जावे लागेल? पलीकडून उत्तर येण्यापूर्वी फोन बराच वेळ होल्डवर राहण्याची शक्यता आहे. ठेवून देऊ नका.